रक्षेचे ठिकाण



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही हितचिंतकांनी मला विचारले, ‘अहो, सभागृहात बोलायचा विषय आहे का हा?’ त्यांचा संकोच मला समजतो. आपल्याकडे मरणाचे नाव घरात काढले तरी वडीलधारी माणसे ‘शुभ बोला’ म्हणतात. मग आपले माणूस गेल्यावर त्याच्या रक्षेचे काय करायचे, हे बोलायचे तरी कधी? घरी बोलायचे नाही, दवाखान्यात बोलायचे नाही, स्मशानात तर कुणी विचार करण्याच्या अवस्थेतच नसते. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांची आठवण तुम्ही वर्षानुवर्षे विचारांच्या रूपाने जपली आहे. म्हणून मला वाटले, हा विषय बोलायला याहून योग्य जागा नाही.

आपल्या पद्धतीत सगळे किती घाईने होते ते बघा. आज दहन झाले की तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायला जायचे. चिता पाणी शिंपडून शांत करायची, दूध, गोमूत्र शिंपडायचे, अस्थी वेचून मडक्यात भरायच्या, तोंडाला पांढरे फडके बांधायचे. तिथेच कुणीतरी विचारतो, ‘नाशिकला नेणार, की इथेच सोडायच्या?’ उत्तर कोण देतो? तीन रात्री न झोपलेला मुलगा. किंवा चुलत्यांपैकी ज्याचा आवाज मोठा असेल तो. जिला खरे विचारायला हवे ती बायको, ती मुलगी, बहुधा घरी असते. आणि जो गेला, त्याला तर आपण तो जिवंत असताना कधी विचारलेलेच नसते.

या प्रश्नाकडे जरा निवांतपणे बघू या.

आधी हातात काय उरते ते पाहू. विद्युतदाहिनीत किंवा गॅसदाहिनीत दहन झाले, तर प्रौढ माणसाची साधारण दोन ते तीन किलो रक्षा उरते. ती बहुतांशी हाडांची असते, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. लाकडाच्या चितेत तीन-चारशे किलो लाकूड जळते, त्यामुळे हाडांच्या रक्षेत लाकडाची राखही मिसळलेली असते आणि पोतेभर ऐवज होतो. एवढ्या उष्णतेत रोगजंतू राहत नाहीत, डीएनएही शाबूत राहत नाही. रक्षा घातक नाही, अपवित्र तर नाहीच. मात्र ती अतिशय अल्कधर्मी असते आणि तिच्यात क्षार भरपूर असतात. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, पुढे झाडाचा विषय येईल तेव्हा ते कामाला येणार आहे.

आता पहिला मुद्दा. अस्थी नदीत सोडणे हीच आपली एकमेव परंपरा, असे आपण धरून चालतो. नाशिकचे रामकुंड, तिथले अस्थिविलय तीर्थ, पैठण, पंढरपूर, प्रयाग, काशी ही ठिकाणे लाखो लोकांच्या श्रद्धेची आहेत आणि त्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. पण परंपरा एवढीच आहे का?

मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत जाऊन या. चैत्यगृहापासून थोड्या अंतरावर दगडात कोरलेले चौदा लहान स्तूप एकमेकांना चिकटून उभे आहेत. त्या लेण्यांत राहून गेलेल्या स्थविर भिक्खूंची ती स्मारके. काहींवर नावेही कोरली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कुशीत माणसे आपल्या गुरूंची आठवण अशी दगडात ठेवत होती, तीही राहत्या जागेच्या शेजारी. तिथे रोज ध्यान होई, पाठ होई, आणि गेलेली माणसे शेजारी असत.

बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अस्थींवरून गणराज्यांत आणि राजांत तंटा झाला, तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्या आठ वाट्यांत विभागून दिल्या, अशी परंपरा सांगते. आठ वाटे झाले, आठ स्तूप झाले. वाटणी ज्या भांड्याने केली ते द्रोणाने मागून घेतले आणि त्यावर नववा स्तूप बांधला. पिप्पलीवनाचे मोरिय उशिरा आले, अस्थी संपल्या होत्या. त्यांनी चितेतले निखारे आणि राख नेली आणि त्यावर दहावा स्तूप उभारला. अस्थी मिळाल्या नाहीत म्हणून त्यांची श्रद्धा उणी झाली का? मुळीच नाही.

आपल्या नालासोपाऱ्याचेच उदाहरण घ्या. तिथल्या टेकाडाला गावकरी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केले, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेल्या डब्या होत्या, तांब्याची, चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सगळ्यांत आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय निघाले? अस्थी नव्हत्या. सोन्याच्या फुलांबरोबर मातीच्या भांड्याच्या खापऱ्या होत्या! बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या जपल्या होत्या. आज तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. देहाचा अंश नसला तरी, त्या माणसाच्या हातातली रोजची वस्तू पूजेला पुरेशी वाटली. आठवण ठेवण्याचा हाही एक मार्ग आपल्याच मातीत, आपल्याच किनाऱ्यावर सापडला आहे.

पुढच्या काळात साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती घराण्याच्या समाध्या झाल्या, पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री झाली. दहनाच्या जागी दगडी चौथरा बांधून स्मारक करायचे आणि त्यावर दिवा लावायचा, ही रीत मराठी मुलखाला कधीच परकी नव्हती. आणि ज्यांना दगड परवडत नव्हता त्यांनी काय केले? त्यांनी शेताच्या बांधावर एक धोंडा ठेवला आणि त्याला शेंदूर लावला.

पण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते पुण्याच्या गंज पेठेतल्या एका वाड्याविषयी. महात्मा जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. आपला देह जाळू नये, घरामागच्या जागेत मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी खड्डाही खणून ठेवला होता. वस्तीच्या जागेत दफनाला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. मग दहन झाले. टिटवे कुणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. १८९० साल! आजही कित्येक घरांत मुलीने टिटवे धरले तर कुजबुज होते, आणि त्या बाईने हे काम तेव्हा भर पुण्यात केले. नंतर जोतीरावांच्या अस्थी त्याच वाड्यात आणून जमिनीत ठेवल्या गेल्या. आज तिथे समाधी आहे, तुळशी वृंदावन आहे.

जरा थांबून विचार करा. कायद्याने त्यांची पहिली इच्छा मोडली. पण मागे राहिलेल्या माणसांनी त्या इच्छेतले जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवले. देह नाही तर अस्थी, पण जागा तीच, आपल्या घराची, आपल्या कामाची. नदीही नको, तीर्थही नको. महाराष्ट्रात अस्थींचे वेगळे काही करायचे म्हटले की ‘हे कुठले पाश्चात्त्य खूळ’ असे जे म्हणतात, त्यांना मी नम्रपणे फुले वाड्यात जाऊन यायला सांगेन.

दुसरा मुद्दा थोडा अवघड आहे. रक्षा कुणाची? गेलेल्याची, कुटुंबाची, की समाजाची?

गांधीजींच्या अस्थी १२ फेब्रुवारी १९४८ रोजी प्रयागच्या संगमात विसर्जित झाल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्यांचे अंश देशभर गेले. पवनारला धाम नदीत गेले, कन्याकुमारीला समुद्रात गेले. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या आहेत, आणि तिथेही गांधीजींच्या रक्षेचा अंश आहे. एवढे होऊनही एक कलश ओडिशात कटकच्या एका बँकेच्या लॉकरमध्ये अर्धशतकभर पडून राहिला. तो १९९७ मध्ये बाहेर काढून प्रयागला विसर्जित करण्यात आला. आणखी एक अंश ३० जानेवारी २००८ रोजी आपल्या गिरगाव चौपाटीवर समुद्रात सोडला गेला. तो सोडला हरिलाल गांधींच्या नात नीलमबेन पारीख यांनी. हरिलाल म्हणजे बापूंचा दुरावलेला थोरला मुलगा. साठ वर्षांनी त्याच्या शाखेतल्या एका स्त्रीच्या हातून ते काम झाले. याबद्दल मी जास्त काही बोलत नाही, तुम्हाला ते समजले आहे.

पंडित नेहरूंनी मात्र आपले आधीच लिहून ठेवले होते. आपल्यासाठी धार्मिक विधी करू नयेत, मूठभर रक्षा अलाहाबादला गंगेत सोडावी, तीही धर्मभावनेपोटी नव्हे, लहानपणापासूनच्या जिव्हाळ्यापोटी, आणि उरलेली विमानातून नेऊन जिथे शेतकरी राबतात त्या शेतांवर टाकावी, म्हणजे ती देशाच्या मातीत मिसळून जाईल. हे त्यांनी १९५४ मध्ये लिहिले, दहा वर्षे आधी. कुणाला प्रश्न पडू नये इतके स्पष्ट.

श्यामजी कृष्ण वर्मांची गोष्ट याच्या उलट टोकाची. लंडनमधले इंडिया हाउस त्यांचे, सावरकर विलायतेला गेले ते त्यांच्या शिष्यवृत्तीवर. १९३० मध्ये ते जिनिव्हात वारले. देश पारतंत्र्यात, परत येणे अशक्य. त्यांच्या आणि पत्नी भानुमतीबाईंच्या अस्थी तिथल्या दफनभूमीत जपून ठेवण्याची तजवीज करून ठेवलेली होती. स्वातंत्र्य १९४७ मध्ये आले आणि अस्थी कच्छला आल्या २००३ मध्ये. मधली छप्पन्न वर्षे आपण काय करत होतो? रक्षा जपणे तुलनेने सोपे असते. तिची आठवण ठेवणारी माणसे टिकवणे अवघड असते.

आणि चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या समुद्रकाठी बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले, त्या जागी आज स्तूप आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीतही त्यांच्या अस्थी आहेत. दर ६ डिसेंबरला, त्यांच्या स्मृतिदिनी, शिवाजी पार्कवर जाऊन बघा. लोक रांगेत उभे राहतात, डोके टेकतात, आणि परतताना पुस्तके विकत घेतात. खेड्यातून आलेली, पायात धड चप्पल नसलेली बाई नातवासाठी पुस्तक घेते. रक्षेच्या जागेशेजारी पुस्तकांचा एवढा मोठा बाजार जगात दुसरीकडे कुठे भरत असेल तर मला सांगा. याहून थोर स्मारक मला माहीत नाही.

आता आजच्या नव्या वाटांकडे येतो. जगात काय काय चालले आहे?

अमेरिकेत १९९८ पासून रक्षा काँक्रीटमध्ये मिसळून पोकळ घुमट बनवतात आणि ते समुद्राच्या तळाशी सोडतात, फ्लोरिडाच्या किनाऱ्यापुढे असे कितीतरी आहेत. कालांतराने त्यांवर शेवाळ, शिंपले, प्रवाळ वाढते, मासे आसरा घेतात. काही जण रक्षेचा अंश काचेच्या वस्तूत ओततात. स्वित्झर्लंडमधली एक कंपनी रक्षेतून कार्बन काढून त्यावर प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरा बनवते. रक्षेचे अंश अवकाशातही गेले आहेत. प्लुटोचा शोध लावणारे क्लाइड टॉमबॉ १९९७ मध्ये वारले. २००६ मध्ये प्लुटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्स यानावर त्यांच्या रक्षेचा छोटासा अंश होता, आणि २०१५ मध्ये ते यान प्लुटोजवळून गेले. ज्या माणसाने तो ठिपका पहिल्यांदा पाहिला, त्याची रक्षा त्या ठिपक्यापर्यंत गेली. आपल्या कल्पना चावला यांची रक्षा त्यांच्या इच्छेप्रमाणे अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या लाल कड्यांत विखुरली गेली.

यातले काय चांगले, काय वाईट? माझे मत स्पष्ट सांगतो. टॉमबॉ यांचे मला पटते, कारण त्यात त्यांचे आयुष्य आहे. हिऱ्याचे मला पटत नाही. लेकरू गमावलेल्या आईने तो गळ्यात घातला तर तिला नावे ठेवणारा मी कोण? तिचे दुःख तिचे आहे. पण पुढच्या पिढीत त्या हिऱ्याचे काय होईल? वाटणी होईल, दागिन्यांबरोबर तो लॉकरमध्ये जाईल, आणि कधीतरी मोडीत निघेल. आठवण मालमत्ता झाली की तिच्यावर मालमत्तेचे सगळे भोग येतात.

जपानमधून शिकण्यासारखे आहे. तिथे बहुतेक सर्वांचे दहन होते आणि अस्थी घराण्याच्या थडग्यात ठेवतात. ते थडगे सांभाळायला वारस लागतो. आता कित्येकांना मूलच नाही, किंवा मूल दूर शहरात आहे. म्हणून १९९९ मध्ये इवाते प्रांतातल्या एका बौद्ध मंदिराने वेगळी सोय केली. रक्षा थेट जंगलाच्या मातीत ठेवायची, वर एक झुडूप लावायचे, दगड नाही, चौथरा नाही. तिथले जंगल मंदिर सांभाळते. ही पद्धत तिथे झपाट्याने पसरली. आपलीही स्थिती त्याच दिशेने चालली नाही का? एक मूल, तेही टोरांटोला किंवा मेलबर्नला. कोविडच्या काळात आपल्या स्मशानभूमींतल्या मांडण्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावलेले कलश ओळीने वाट बघत होते. न्यायला येणारे काही जण स्वतः दवाखान्यात होते, काही परदेशात अडकले होते. तिकडे इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या सोर नदीत हिंदू कुटुंबे अस्थी सोडू लागली, त्याला बरीच वर्षे झाली. गंगा लांब पडली म्हणून त्यांनी जवळची नदी आपली मानली. मला ते फार योग्य वाटते.

आता आपल्या घरच्या प्रयोगाकडे येतो. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत गेल्या काही वर्षांत अनेक कुटुंबांनी रक्षाविसर्जन नदीत करणे थांबवले आहे. तिसऱ्या दिवशी भावकी जमते, रक्षा गोळा होते आणि ती स्वतःच्या शेतात किंवा झाडाच्या खड्ड्यात जाते. कुणी आंबा लावतो, कुणी फणस, चिंच, वड. ज्याने आयुष्यभर ती जमीन कसली त्याची रक्षा त्याच जमिनीत. नेहरूंनी विमानातून जे करायला सांगितले, तेच हा शेतकरी स्वतःच्या हाताने करतो. यात सुनांचा, लेकींचाही हात लागतो. नदीवर ज्या मागे उभ्या राहायच्या, त्या इथे माती ओढतात आणि पाणी घालतात.

पंचगंगेचे, गोदावरीचे पाणी बिघडले ते केवळ रक्षेमुळे नाही. सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी हे मोठे कारण आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण रक्षेबरोबर गाद्या, कपडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, फोटोच्या चौकटी नदीत जातात, त्याचे समर्थन कुठल्या शास्त्रात आहे? ज्यांना नदीच हवी त्यांनी जरूर न्यावे, पण मूठभर न्यावे, आणि बाकी सारे घरी ठेवावे.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेले वाक्य. रक्षा अल्कधर्मी आणि क्षारयुक्त आहे. सगळी रक्षा खड्ड्यात ओतून त्यावर कोवळे रोप लावले तर ते रोप जळते. मग घरचे म्हणतात, ‘आबांच्या मनात काहीतरी राहिले असेल.’ आबांच्या मनात काही राहिलेले नसते हो! मुळांना क्षार सोसलेला नसतो. थोडीच रक्षा घ्या, ती भरपूर माती आणि कुजलेल्या शेणखतात चांगली मिसळा, आणि रोपाच्या मुळांना लागणार नाही अशी बाजूला पसरा. शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्या, मगच रोप लावा. उरलेली रक्षा मोठ्या क्षेत्रात पातळ पसरा. कुठलाही अनुभवी शेतकरी तुम्हाला हेच सांगेल.

याहून मोठी अडचण पाण्याची आहे. सार्वजनिक टेकडीवर रोप लावतात, फोटो छापून येतो, आणि एप्रिलमध्ये तिथे काटकी उरते. वडिलांच्या नावाची पाटी आणि तिच्याशेजारी वाळकी काटकी. त्या मुलीला ते बघून काय वाटत असेल? पहिली तीन वर्षे पाणी घालणार कोण, हे ठरले नसेल तर झाड लावू नका. त्यापेक्षा त्यांच्या नावाने गावच्या ग्रंथालयाला पुस्तके द्या, शाळेतल्या एका मुलीची फी भरा, आणि रक्षा शांतपणे शेतात मिसळू द्या. सोपाऱ्याच्या खापऱ्या आठवा. आजीचे जाते, आजोबांचा चरखा, आईच्या हाताची वही, यांत आठवण राहते. रक्षेला सगळे ओझे उचलायला लावू नका.

म्हणून कुणी मला सल्ला विचारला तर मी आधी एवढेच विचारतो, जो गेला त्याला काय हवे होते? तुम्ही निवडलेली गोष्ट दुसऱ्या कुणाच्या पाण्याला, जमिनीला त्रास देते का? आणि वीस वर्षांनी ती कोण सांभाळणार? हिरा तिसऱ्या प्रश्नावर अडतो. काळजी न घेता लावलेले झाडही तिथेच अडते. आणि पहिल्या प्रश्नावर तर आपण जवळजवळ सगळेच अडतो, कारण आपण विचारलेलेच नसते.

तेव्हा माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली तुमच्याकडे. आपल्या रक्षेचे काय करावे ते एका कागदावर लिहा, तारीख घाला, सही करा आणि तो कागद कुठे आहे ते जोडीदाराला, मुलीला, मुलाला सांगा. रामकुंड हवे असेल तर रामकुंड लिहा, बांध हवा असेल तर बांध लिहा.

दुसरी मागणी नगरपालिकेकडे. आपल्या स्मशानभूमीलगतच्या मोकळ्या जागेत रक्षेसाठी एक राखीव बाग करावी. तिथे कायमची पाण्याची जोडणी असावी, पगारी माळी असावा, आणि प्रत्येक झाडाची नोंद कार्यालयातल्या वहीत व्हावी. जात, धर्म, भाडेकरू की मालक, हे त्या वहीत विचारले जाऊ नये. या मागणीचा अर्ज संयोजकांनी सभागृहाबाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. तो वाचा, आणि पटला तर जाताना त्यावर सही करा.